घोडी म्हणजे बैल नव्हे: गोठ्यात घोडी बांधणाऱ्यांनी या चुका टाळा

खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या पट्ट्यात बैलगाडा शर्यतीला बैलांच्या पुढे घोडी पळते. त्यामुळे इकडची घोडी तबेल्यात नसते, गोठ्यात असते. बैलांच्या दावणीला, बैलांच्याच वैरणीवर. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि घाट, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्या, पुन्हा गजबजले; २०२३ मध्ये शर्यतींचा कायदाही वैध ठरला. बैल कसा सांभाळायचा हे इथल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. घोटाळा होतो तो तीच पद्धत घोडीला लावल्यामुळे.

चंदी (दाणा-भरडा) बैलाच्या हिशेबाने घालणे

बैल आधी पोटात भरून घेतो, मग निवांत बसून रवंथ करतो. त्याच्या मोठ्या कोठीपोटात चारा आंबतो आणि पचन तिथूनच सुरू होतं. घोडीचं जठर अंगाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचं. चारा आंबण्याची जागा अगदी मागे, मोठ्या आतड्यात. तिला रवंथ नाही, आणि उलटीही होत नाही. म्हणून दिवसातून दोनदा घमेलंभर भरडा पुढे ठेवला की पिठूळ भाग न पचताच मागे जातो, तिथे आम्ल होतं आणि पोटशूळ उठतो. कधी पोट सावरतं, पण एक-दोन दिवसांत टापांच्या आत दाह होतो. त्याला डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात. घोडी पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभी असेल, वळताना कुचंबत असेल आणि टापा हाताला गरम लागत असतील, तर ती ‘आखडलीय’ म्हणून चोळत बसू नका. चंदी बंद करा, मऊ जमिनीवर उभी करा आणि डॉक्टरांना बोलवा.

किती घालायचं हे वजनावर ठरतं. वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, लांबीने गुणा, ११,८८० ने भागा. घेर १५५ आणि लांबी १४० भरली तर वजन साधारण २८३ किलो. अशा घोडीला वाळली वैरण रोज ४ ते साडेपाच किलो लागते. चंदी एका वेळी दीड किलोच्या आत ठेवा, आणि जास्त द्यायचीच असेल तर दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्या. खाणं बदलायचं असेल तर आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू बदला.

वैरण एकदाच टाकून मोकळं होऊ नका. मोकाट घोडी दिवसातले चौदा-सोळा तास काहीतरी चघळत असते. रात्रभर रिकाम्या दावणीसमोर उभी राहिली तर जठरात व्रण होतात, शिवाय लाकूड कुरतडायची सवय लागते ती वेगळीच.

रोज कोंडा खाऊ घालणं हीही जुनी खोड. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम फारच कमी. महिनोन्‌महिने कोंडा आणि दाणा यांवरच ठेवलेल्या घोडीच्या हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं, तोंडाची हाडं फुगतात, चाल बिघडते. वैरणीत लसूणघास असला तर हा तोल बराच सावरतो. शर्यतीच्या बैलाला अंडी, दूध, तूप असा खुराक असतो. तो घोडीलाही चारावा अशी हौस अनेकांना असते. माझ्या मते हा पैसा चांगल्या वैरणीवर गेलेला बरा.

शेजारच्या पोत्यातलं खाद्य

ही चूक जीवावर बेतते. कोंबड्यांच्या आणि काही जनावरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते रोगापासून वाचवतं. घोडीच्या पोटात थोडंसं गेलं तरी हृदयाचे स्नायू निकामी होतात, आणि त्यावर उतारा नाही. पोल्ट्री असलेल्या घरात खाद्याची पोती कुलपात ठेवा. चंदी द्यायचं घमेलंही वेगळं हवं. बुरशी आलेला मका तर दाखवूही नका. त्यातल्या विषाने घोड्याचा मेंदू जातो. पावसात भिजून काळा पडलेला कडबा बैल खातो म्हणून घोडीला चालेल असं नाही.

मीठ आणि पाणी

बैलाची जीभ खरखरीत, घोडीची गुळगुळीत. दावणीला टांगलेला मिठाचा खडा चाटून बैलाचं भागतं, घोडीचं भागेलच असं नाही. तिला घाम बैलापेक्षा कितीतरी जास्त येतो आणि घामातून मीठ जातं. रोज दोन चमचे साधं मीठ चंदीत कालवा, उन्हाळ्यात किंवा पळवल्यावर थोडं वाढवा.

घामाघूम घोड्याला पाणी पाजू नये, पोटशूळ होतो, असं घाटावर हमखास ऐकायला मिळतं. ते खरं नाही. दम थोडा बसला की पाच-सहा घोट द्या, चालवा, पुन्हा द्या. घातक आहे ते उलट: पाण्यावाचून ताटकळत ठेवणं आणि धापा टाकत असतानाच चंदी घालणं. चंदीला तासभर थांबा.

बाटलीने तेल पाजणे

घोडी पोटाकडे वळून बघतेय, पुढच्या पायाने जमीन उकरतेय, लोळतेय, लीद टाकत नाही. अशा वेळी घरात पहिली आठवण तेलाच्या बाटलीची किंवा नळकांड्याची होते, कारण बैलाला तसंच पाजतात. जीभ ओढून, मान वर धरून ओतलेलं तेल घोडीच्या फुप्फुसात उतरू शकतं. मग पोटशूळ राहतो बाजूला आणि न्युमोनिया मारतो. शिवाय जठर आधीच तुंबलेलं असेल तर वरून काहीही ओतणं धोक्याचं, कारण उलटी होत नाही आणि जठर फाटू शकतं. डॉक्टर नाकातून नळी घालून आधी आत काय साठलंय ते बाहेर काढून बघतात, तेल द्यायचं की नाही हे नंतर.

डॉक्टर येईपर्यंत खाणं काढून घ्या. हळूहळू चालवा, दमवू नका. वेदनाशामक मनाने टोचू नका, दुखणं झाकलं जातं आणि शस्त्रक्रियेची वेळ हातची जाते.

बैलाचं इंजेक्शन घोडीला

जंतांसाठी बैलाला आयव्हरमेक्टिनची सुई मारली जाते. तीच घोडीला मारली तर सुईच्या जागी स्नायू सडण्यापर्यंत गुंतागुंत होऊ शकते. घोड्यासाठीची तोंडाने द्यायची पेस्ट मिळते, ती वर काढलेल्या वजनाप्रमाणे पूर्ण मात्रेत द्या. अर्धी मात्रा दिली की जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात.

दात आणि टापा

बैलाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे जनावराच्या तोंडात डोकावायची सवय आपल्याला फक्त बाजारात वय बघण्यापुरती. घोडीचे दात दरवर्षी दोन-तीन मिलिमीटर वर येत राहतात आणि घासून दाढांच्या कडांना धार येते. गालाला जखमा होतात. दावणीखाली अर्धवट चावलेल्या कडब्याचे ओले बोळे पडलेले दिसले, लिदीत अख्खे दाणे दिसले की दाढा कानसून घ्यायची वेळ झाली. हे काम वर्षातून एकदा डॉक्टरांकडून.

नाल सैल होऊन गळेपर्यंत थांबू नका; पाच-सहा आठवड्यांनी नालबंदाला बोलवा. पावसाळ्यात तळवा रोज कोरा. काळं, कुजकट वासाचं काही निघालं तर गोठ्यातला ओल-चिखल आधी हटवा, औषध मग.

बाजारातून आणून थेट दावणीला

तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेतून असो की आणखी कुठून, नवी घोडी दोन-तीन आठवडे वेगळी बांधा. भांडीही वेगळी. नाकातून चिकट शेंबूड, अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाचा संशय घ्यायचा. हा रोग माणसालाही होतो आणि तो सरकारी दवाखान्यात कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. जखमेबरोबर येणाऱ्या धनुर्वाताची लसही घोडी आणल्यावर लगेच विचारून घ्या. घोडा या रोगाला बैलापेक्षा खूप लवकर बळी पडतो.

फोनवर काय सांगायचं

‘घोडी सुस्त आहे’ एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही. जबड्याच्या खालच्या कडेला बोट टेकवून नाडी १५ सेकंद मोजा, चारने गुणा. विश्रांतीत ती मिनिटाला २८ ते ४४ असावी; साठच्या वर गेली तर वाट बघू नका. श्वास ८ ते १६. अंगाचं तापमान ९९ ते १०१ फॅरनहाइट. हिरडी बोटाने दाबून सोडा, गुलाबी रंग दोन सेकंदांत परत आला पाहिजे. बरी असताना हे आकडे एकदा मोजून गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, शेजारी डॉक्टरांचा नंबर.