सांडव्याखालचे शेत : मृद व जलसंधारणाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कृषी पदविका किंवा कृषी अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून मृद व जलसंधारणाच्या क्षेत्रकामावर रुजू होणाऱ्यांना माथा ते पायथा, समतल सलग चर, ढाळीचे बांध, माती नालाबांध या गोष्टी समजावून सांगण्याची गरज नाही. आखणी आणि अंदाजपत्रक तुम्हाला येते, किंवा दोन महिन्यांत येईल. मला लिहायचे आहे ते सांडव्याविषयी, म्हणजे बांधामागे साठलेले जादा पाणी बाहेर जाण्यासाठी बांधात ठेवलेल्या वाटेविषयी. माझ्या दुसऱ्याच हंगामात माझ्या हातून झालेल्या एका सांडव्याने खालच्या शेतातील जवळजवळ अर्ध्या एकराची वरची माती वाहून गेली. त्याला आता अकरा वर्षे झाली, तरी मृगाचा पहिला मोठा पाऊस रात्री सुरू झाला की मला अजून झोप लागत नाही.

ज्या शेतात बांध घालायचे ते वरचे शेत अवर्षणप्रवण भागातले, मध्यम खोल काळ्या जमिनीचे आणि साधारण दोन टक्के उताराचे होते. एकाच खातेदाराच्या चार हेक्टर क्षेत्रावर एकाखाली एक असे पाच बांध घालायचे होते. खातेदार उत्साही होते, संमतीपत्रावर त्यांची सही होती, पाणलोट समितीचा ठराव झालेला होता. त्यांनी एकच विनंती केली की सर्वांत खालच्या बांधाचा सांडवा शेताच्या कोपऱ्यात काढावा, म्हणजे ट्रॅक्टर वळवताना अडचण होणार नाही आणि पेरणीची जागा वाया जाणार नाही. मला ती विनंती रास्त वाटली. कोपऱ्यात सांडवा काढणे यंत्रचालकालाही सोयीचे होते. माझ्या वरिष्ठांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की सांडव्याचे शेवटी बघू, आधी मातीकामाचे घनमीटर पूर्ण करा. मीही तसेच केले आणि शेवटी एक मीटर रुंदीचा, दगड न लावलेला सांडवा कोपऱ्यात काढून मोकळा झालो.

आता हा हिशेब सावकाश वाचा, कारण मी तो काम करण्यापूर्वी केला नव्हता. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा घनमीटर पाणी होते. चार हेक्टरवर तासाभरात 60 मिलिमीटर पाऊस पडला तर 2,400 घनमीटर पाणी होते. जमीन आधीच भिजलेली असेल आणि त्यातील निम्मे पाणी वाहून निघाले असे धरले, तरी तासाभरात 1,200 घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 333 लिटर पाणी शेवटच्या सांडव्याकडे येते. वरचे चार बांध ते थोपवतील असे मी गृहीत धरले होते. पण आदल्या रात्रीच्या पावसाने ते काठोकाठ भरलेले होते आणि भरलेला बांध नव्याने आलेले पाणी जसेच्या तसे पुढे पाठवतो. एक मीटर रुंदीच्या सांडव्यातून सेकंदाला 333 लिटर पाणी जायचे असेल, तर ते सांडव्याच्या तळापासून सुमारे 34 सेंटिमीटर उंच चढते. माझ्या बांधाचा माथा सांडव्याच्या तळापेक्षा 30 सेंटिमीटर उंच होता. तोही काम झाले त्या दिवशी. मोजमाप पुस्तिकेत नोंद घेतल्यानंतर सैल भराव पहिल्या दोन पावसांत बसला आणि ती उंची आणखी कमी झाली. पाणी सांडव्यातून गेलेच, शिवाय शेजारी बांधाच्या माथ्यावरूनही गेले, आणि माथ्यावरून पाणी गेलेला मातीचा बांध फार वेळ टिकत नाही. तोच सांडवा अडीच मीटर रुंद असता, तर पाणी सुमारे 18 सेंटिमीटर चढले असते आणि बांध उभा राहिला असता.

रुंदीची चूक मी वर्षभरात सुधारली असती. खरी चूक जागेची होती. ज्या कोपऱ्यात सांडवा काढला, त्या कोपऱ्याच्या खाली नाला नव्हता, दुसऱ्याचे शेत होते. नैसर्गिक उतार पाणी तिथून नेत नव्हता. जुनी ओघळ कोपऱ्यापासून तीसेक मीटर अलीकडे होती आणि ती कित्येक वर्षांपूर्वी नांगरून सपाट केलेली असल्यामुळे मला दिसली नाही. बांध नसताना चार हेक्टरचे पाणी रुंद पसरून, पातळ होऊन खाली येत असे. मी ते पाच बांधांनी गोळा केले आणि एका मीटरच्या फटीतून, पूर्वी कधी गेले नव्हते अशा ठिकाणी सोडले. संवर्धनाच्या कामातून धूप वाढते ती अशी. काम न होता शेत तसेच राहिले असते, तर खालच्या शेताचे एवढे नुकसान झाले नसते, हे मला मान्य करावे लागले.

खालचे शेत कसणाऱ्या बाईंना मी मावशी म्हणत असे. सातबाऱ्यावर त्यांच्या दिवंगत पतीचे नाव होते, वारसनोंद व्हायची होती, त्यामुळे माझ्या कोणत्याही कागदावर त्या कुठेच नव्हत्या. नुकसान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘साहेब, चार दिवस तुम्ही वरच्या रानात होता. एकदा बांध उतरून खाली आला असता तर पाणी कुठून जातं ते मीच दाखवलं असतं.’’ मग त्यांनी मला ती जुनी ओघळ चालत दाखवली. त्या पट्ट्यात बारीक खडी वर आलेली होती, पीक इतरांपेक्षा पिवळे होते आणि सामाईक बांध त्याच जागी दरवर्षी खचत असल्याने तिथे दगडांची ठिगळे लावलेली होती. या तिन्ही खुणा माझ्या आखणीच्या दिवशीही तिथेच होत्या.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझे ठाम सांगणे आहे की सांडव्याची जागा ठरल्याशिवाय बांधाची फक्की मारू नका, म्हणजे जमिनीवर चुन्याने त्याची रेषा आखू नका. आखणी वरून सुरू करा, पण पाण्याचा मार्ग खालून वर चालत तपासा: नाल्यापासून निघा, पाणी ज्या वाटेने नाल्यात उतरते ती वाट धरून शेतापर्यंत या, आणि ती वाट जिथे बांधाच्या रेषेला भेटते तिथे सांडवा द्या. ती जागा शेताच्या मधोमध आली तर खातेदाराशी वाद घालावा लागेल, तो घाला. खालच्या शेताच्या मालकाची, आणि मालक वेगळा व कसणारा वेगळा असेल तर कसणाऱ्याचीही, वेगळी संमती घ्या. कार्यालय ती मागणार नाही. लाभार्थी म्हणून केवळ वरच्या खातेदाराचे नाव असते आणि मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, उंची यांच्या ओळींखाली सांडवा बहुधा ‘नग 1’ म्हणून येतो. तो कोणाच्या शेतात उघडतो यासाठी तिथे रकाना नाही.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 अन्वये शेतजमिनीवरील पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवल्याने शेजारच्या जमिनीचे नुकसान होत असेल, तर बाधित शेतकरी तहसीलदारांकडे दाद मागू शकतो. शेतकऱ्यांना हा मार्ग चांगला ठाऊक असतो, आपल्याकडील अनेक तंत्रज्ञांना नसतो. मावशींनी तो वापरला नाही, हा त्यांचा मोठेपणा होता. त्यावर विसंबून कोणी काम करू नये.

उपकरणांविषयी थोडक्यात सांगतो. मोबाइलवर उपग्रहाच्या आधारे समतल रेषा काढून देणारी साधने आता सहज मिळतात आणि गावाचा नकाशा समजण्यासाठी ती उपयोगी आहेत. परंतु एका शेतातील बांधाला लागणारी काही सेंटिमीटरची अचूकता त्यांच्याकडून मिळेल असे मानू नका. ए-फ्रेम (ओळंबा लावलेली A आकाराची चौकट), पाण्याची नळी किंवा डंपी लेव्हल (दुर्बिणीचे पातळी-यंत्र) यांपैकी काहीतरी हातात घ्या. ए-फ्रेम तिच्या दोन पायांच्या जागांची अदलाबदल करून तपासा आणि नळीतील हवेचा बुडबुडा काढल्याशिवाय वाचन घेऊ नका. दुसऱ्या गावचे अंदाजपत्रक उचलून आकडे बदलण्याची सवय मात्र पहिल्याच महिन्यात सोडा. हलक्या, पाणी मुरणाऱ्या जमिनीवर चालणारा समपातळी बांध खोल काळ्या जमिनीवर पाणी तुंबवून पीक कुजवतो आणि उन्हाळ्यात त्याच बांधाला भेगा पडतात. तिथे ढाळ देऊन पाणी सुरक्षितपणे बाहेर काढणेच योग्य ठरते.

अभ्यासदौऱ्यांबद्दल माझे मत अनेकांना पटत नाही. हिवरे बाजार, राळेगणसिद्धी, कडवंची ही पाणलोटाच्या कामासाठी नावाजलेली गावे जरूर पाहावीत, पण बहुतेक दौऱ्यांत बांध, तळी आणि बागा यांची छायाचित्रे काढून लोक परततात. हिवरे बाजारमध्ये चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि सिंचनासाठी विंधन विहीर न घेण्याचा निर्णय टिकला म्हणून तिथले चर टिकले. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने भूमिहीनांनाही पाण्यात वाटा दिला होता. अशा गावात गेलात तर पदाधिकाऱ्यांना भेटून झाल्यावर ज्याला त्या निर्णयांमुळे काही सोडावे लागले असा एक शेतकरी शोधा आणि त्याचे मन कसे वळले ते विचारा. तुमच्या गावात तुम्हाला तेच काम करायचे आहे.

मार्गदर्शक निवडण्याची संधी मिळाली तर पदवी किंवा पद पाहू नका. मला खरे शिकवले ते एका वयस्कर मुकादमांनी, ज्यांनी 1972 च्या दुष्काळात तरुणपणी बांधबंदिस्तीच्या कामावर माती वाहिली होती. भराव घालण्यापूर्वी तळाचे गवत खरवडून काढा, माती काढलेला खड्डा आणि बांध यांच्यामध्ये पाऊलभर जागा सोडा, सांडव्याच्या खाली पाणी पडते तिथे दगडांचा पलंग करा, हे सर्व पुस्तकात आहे. पण ते न केलेले बांध कसे फुटले हे त्यांनी मला जागेवर नेऊन दाखवले. जो मार्गदर्शक तुम्हाला स्वतःच्या फुटलेल्या कामाकडे घेऊन जात नाही, त्याच्याकडून फार काही शिकता येईल असे मला वाटत नाही.

इतके वाचून कोणाला भीती वाटली असेल तर हेही सांगतो की मातीच्या कामातील चूक बहुतेक वेळा दुरुस्त करता येते. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तो कोपरा बुजवला, जुन्या ओघळीच्या रेषेवर अडीच मीटर रुंद, दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) असलेला सांडवा काढला आणि तिथून नाल्यापर्यंत गवत लावलेली पाण्याची वाट तयार केली. ती वाट मावशींच्या शेतातून जाते; त्यांनी जागा दिली आणि बदल्यात आपल्या शेताच्या खालच्या कडेला अनघड (न घडवलेल्या) दगडांचा एक बांध मागितला, जो आम्ही त्याच हंगामात पूर्ण केला. गेलेली माती काही परत आली नाही. पण त्या गावाने मला कामावरून परत पाठवले नाही, आणि मी चूक ग्रामसभेत स्वतःहून सांगितल्यानंतर इतर शेतकरी आखणीच्या वेळी आपणहून जुन्या ओघळी दाखवू लागले.

तुमचे पहिले काम पूर्ण झाले की पहिल्या मोठ्या पावसात तिथे प्रत्यक्ष जा. सांडव्याच्या बाजूच्या दगडावर पाणी जिथपर्यंत चढले तिथे रंगाने खूण करा, तारीख लिहा, आणि गावातील पर्जन्यमापकावर त्या दिवशी किती पाऊस नोंदला गेला ते विचारून वहीत टिपून ठेवा. त्यानंतर बांध उतरून खालच्या शेतात जा आणि तिथे जो कोणी काम करत असेल त्याच्याशी बोला.