सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पोरांना नेताना
दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला पोरांना नेणार असाल, तर घोडेबाजारात सकाळीच शिरा. दुपारच्या गर्दीत ना माणसाला सुचतं, ना जनावराला. मारवाडी आणि काठियावाडी घोडा ओळखायचा तो कानांवरून: आत वळलेली टोकं एकमेकांना टेकायला येतात. हेच कान मागे चपटे पडले की मुकाट्याने दोन पावलं मागे सरा. घोड्याला थेट पाठीमागचं आणि कपाळासमोरचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जा. "भाऊ, हात लावू का?" असं मालकाला आधी विचारा, मग मानेवर हात फिरवा, नाकावर थापट्या नकोत. खायला काही देऊ नका, गूळसुद्धा नाही. फोटोचं विचारलंत, तर हौशी मालक स्वतःच लगाम धरून उभे राहतात.