गतिज ऊर्जेची गणितं: या चुका टाळा

‘हाफ एम व्ही स्क्वेअर’ (अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग) हे नववीतलं पोर झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतं. तरी पेपरात मार्क जातातच, आणि दरवर्षी त्याच त्या जागी जातात.

सगळ्यात डोकं फिरवते ती एककांची चूक. १००० किलोची गाडी, वेग ताशी ७२ किलोमीटर, गतिज ऊर्जा काढा. दादरच्या आमच्या क्लासमधला एक हुशार मुलगा तरातरा उत्तर घेऊन आला: ७,२०,००० ज्यूल. पुस्तकात २,००,०००. “सर, पुस्तकातलं चुकीचं छापलंय.” म्हटलं, तुझ्या उत्तराला पुस्तकातल्या उत्तराने भाग बघू. ३.६ आले, आणि गडी कुठे घसरला ते तिथेच कळलं. त्याने आधी ७२ चा वर्ग केला, ५१८४, आणि मग त्याला एकदाच ५/१८ ने (ताशी किलोमीटरचे मीटर प्रति सेकंद करायचा गुणक) गुणलं. अरे, वेग दोनदा घेतोस, तर ५/१८ पण दोनदा नको का? वही मागितली तर कोरी. सगळं तोंडी केलेलं, कुठलातरी शॉर्टकटचा व्हिडिओ बघून. या व्हिडिओवाल्यांना एकदा पेपर तपासायला बसवलं पाहिजे.

तेव्हा उत्तर ३.६ पट फुगलं असेल तर हीच भानगड. १२.९६ पट असेल तर रूपांतर केलेलंच नाही. मी सूत्र लिहायच्याही आधी समासात ‘२० मीटर प्रति सेकंद’ लिहून टाकतो आणि ७२ वर काट मारतो.

दुसरी माझी खास नावडती: वेग १० वरून २० झाला, कार्य किती? पोरं २० वजा १० करतात आणि त्या १० चा वर्ग घेतात, १००. वर्ग आधी, वजाबाकी नंतर: ४०० वजा १००, म्हणजे ३००, आणि मग त्याला निम्म्या वस्तुमानाने गुणायचं. शून्यावरून १० वर जायला लागते त्याच्या तिप्पट ऊर्जा १० वरून २० वर जायला लागते. घाई करणाऱ्याला हे पटतच नाही. सी लिंकवर ८० ची मर्यादा असताना १०० ने गेलं तर ‘वीसच तर जास्त’ म्हणणारे मोठेपणी हेच लोक. ६४०० आणि १०,००० शेजारी लिहून बघा. ऊर्जा दीडपटीच्या वर गेली, आणि थांबताना ब्रेकला ती सगळी रिचवायची असते. वस्तुमानाचं तसं नाही. ट्रक भरून दुप्पट झाला तर ऊर्जाही दुप्पटच.

बाकीच्या किरकोळ. ग्रॅमचे किलो करा: १६० ग्रॅमचा चेंडू ताशी १४४ ने टाकला तर १२८ ज्यूल. १,२८,००० आले तर शिवाजी पार्कात तुम्ही १६० किलोचा धोंडा टाकलाय. वजन न्यूटनमध्ये दिलं असेल तर ९.८ ने भागा. वेग उणे दिला म्हणून ऊर्जा उणे येत नाही.

आणि तो अर्धा. मी आधी वस्तुमानच निम्मं करून लिहितो, म्हणजे पुढे विसरायला काही उरत नाही.