हॉलमधल्या डॉग क्लासला मास्क लावून जाताय? आधी घरात सवय लावा

कोल्हापुरात जुलै-ऑगस्टला पाऊस उसंतच देत नाही, मग मैदानातला क्लास हॉलमध्ये येतो, आणि बंद हॉलमध्ये आठ-दहा माणसं, तेवढीच ओली कुत्री, त्यात कुणाला तरी खोकला असतोच, म्हणून मास्क लावलेला बरा. पण थेट क्लासला लावून जाऊ नका. मी गेलो आणि आमचा मोती माझ्यावरच भुंकायला लागला, सगळ्यांसमोर! त्याची काय चूक, कुत्री आपला चेहरा वाचतात आणि मास्कनं अर्धा चेहरा गायब होतोय.

त्यामुळं आठवडाभर आधी घरात सुरू करा. मास्क हातात धरून हुंगू द्या, लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या, मग नुसता तोंडापुढं धरा, मग कानात अडकवा, आणि प्रत्येक वेळी तुकडा. बिचकला तर एक पायरी मागं या, घाई नको.

दुसरं म्हणजे मास्कमधून आवाज दबका येतो, हॉलमध्ये घुमतो ते वेगळंच. ‘बस’ म्हणताना तळहात वर नेण्याची खूण घरातच पक्की करा, मग तोंडानं बोलायची फारशी गरजच पडत नाही. ऑर्डर द्यायला मास्क हनुवटीवर ओढणारे लई बघितलेत, मग लावला कशाला राव?

ओला झाला की बदला, जादाचा एक खिशात ठेवाच. काढलेला मात्र खुर्चीवर टाकू नका, पिशवीत बांधा, कारण पिल्लं तो गिळतात, आतली नाकाची तार आणि कापड आतड्यात अडकलं की ऑपरेशनपर्यंत जातं.