सर्जरी पोस्टिंग लागलीय? आधी नाष्टा कर

सर्जरी पोस्टिंग म्हणजे मेडिकलच्या पोरांची सर्जरी विभागातली पाळी. तिच्या पहिल्या दिवशी मी रिकाम्या पोटी ओटीत (ऑपरेशन थिएटरात) गेलो आणि कॉटरीचा (विजेनं रक्तवाहिन्या जाळून बंद करायच्या यंत्राचा) जळका वास आला तसं डोळ्यासमोर अंधारीच आली. तर भावा, खाऊन जा, पण कट मारलेली मिसळ नको, पोहे बास. चक्कर येतेय वाटलं तर टेबलापासून मागं सरकून सरळ खाली बस, लाजू नको, स्टराईल (जंतुमुक्त) ट्रॉलीवर पडण्यापेक्षा ते बरं.

ओटीची घाई सगळ्यांनाच असते, पण खरं सांगू का, मागं उभं राहून सरांच्या पाठीशिवाय काय दिसत नाही. शिकायला मिळतं ते वॉर्डात. एक पेशंट धर, ॲडमिशनपासून डिस्चार्जपर्यंत सोडू नको. हिस्ट्री पेशंटच्या शब्दांत घे. एक मामा म्हणाले, "काल बेंबीपाशी दुखत हुतं, आता हितं उजवीकडं खाली आलंय." झालं की अपेंडिक्स डोक्यात यायला! सुरवातीला आतड्याच्या नसांमुळं दुखणं बेंबीभोवती मोघम जाणवतं, सूज पोटाच्या आतल्या पडद्याला लागली की एका जागी बोट ठेवून दाखवता येतं. तपासताना दुखऱ्या जागेवर पहिला हात टाकू नको, डावीकडनं सुरू कर आणि पोट दाबताना नजर पेशंटच्या तोंडावर ठेव. हर्नियाचा पेशंट असेल तर उभा करून खोकायला सांग, झोपवून तपासलं की गाठ आत जाते आणि आपण "काही नाही सर" म्हणून मोकळे (मी म्हणालोय, नंतर जे ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही).

स्क्रब करायला (हात धुऊन ऑपरेशनला टेबलापाशी उभं राहायला) मिळालं तर अंगठी घड्याळ आधीच काढ, धुतल्यावर हात कोपरापेक्षा वर, गाऊन घातल्यावर समोरून छाती ते कंबर आणि हात एवढाच भाग स्टराईल धरायचा. चष्मा घसरला तर हात लावायचा नाही, सिस्टरना सांग. चुकून कुठं टच झालं तर लगेच बोल, ग्लोव्हज बदलतात, विषय संपला. लपवलंस तर मात्र लई वाईट.

सुई टोचली तर पिळत बसू नको, साबण-पाण्यानं धू आणि तसाच जेआरला (ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टरला) गाठ. पीईपी (एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायची औषधं) लागणार असेल तर जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या पुढं उपयोग नाही. ड्युटी संपल्यावर सांगतो म्हणू नको.

टाक्यांच्या गाठी मारायची प्रॅक्टिस बुटाच्या लेसवर, रंकाळ्यावर गप्पा मारत बसलास तरी होते.