घरातल्या म्हाताऱ्या माणसांना साथीपासून जपताना या चुका टाळा

परवा एकजण दुकानात आला, म्हणाला घरात सगळ्यांना ताप-सर्दी आहे, वडिलांसाठी मास्क द्या. स्वतः समोर उभा राहून खोकतोय. मी म्हटलं अरे मास्क तू लाव, तर म्हणतो मला काय होतंय, वडील पंचाहत्तरचे आहेत, त्यांना जपायला हवं. माझं मेडिकलचं दुकान आहे, रत्नागिरी जिल्ह्यात हायवेला लागून. मार्च २०२० पासून पुढची दोन वर्षं हेच बोलणं मी रोज ऐकलंय आणि आता परत ऐकायला लागलो म्हणून बसून लिहितोय. फ्लू दर पावसाळ्यात येतो, कोविडही मधूनमधून डोकं काढतो, आणि उद्या आणखी नवीन काही आलं तरी म्हातारी माणसं तशीच सापडणार. आई-बाबा दारं बंद करून घरात बसलेले असतात, त्यांच्यापर्यंत आजार नेतो तो आपणच, त्यांची काळजी घेणारी माणसं. हे डोक्यात पक्कं बसलं की निम्म्या चुका होतच नाहीत.

सगळ्यात मोठी चूक, "टेस्ट निगेटिव्ह आलीय, आता काय!"

ही आमच्याच घरात झाली. २०२० चे गणपती २२ ऑगस्टला होते. धाकटा भाऊ ठाण्याला असतो, तो १७ तारखेला गाडी करून आला, आदल्या दिवशी कोविडची टेस्ट केलेली, निगेटिव्ह. ग्रामपंचायतीची माणसं येऊन सांगून गेली की घरातच राहायचं, फिरायचं नाही. आम्ही ते अक्षरशः पाळलं म्हणजे भाऊ अंगणाबाहेर पडला नाही, पण घरात मात्र सगळीकडे वावरला. विलगीकरण म्हणजे गावापासून लांब राहायचं एवढाच अर्थ आम्ही घेतला, आईपासूनही लांब राहायचं हे कुणाच्या मनातच आलं नाही. मी औषधं विकणारा माणूस, माझ्याही नाही.

हरतालिकेच्या संध्याकाळी माजघरात आई खवणीवर नारळ खवत बसली होती, दुसऱ्या दिवशीच्या मोदकांसाठी, आणि भाऊ शेजारी पाटावर नारळ फोडून देत होता. आईला कमी ऐकू येतं. तो काहीतरी सांगायला गेला, तिला कळलं नाही, म्हणून त्यानं मास्क हनुवटीवर ओढला आणि तिच्या कानाशी वाकून बोलला, मग मास्क तसाच खाली राहिला तास-दीड तास. बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या बंद. त्याचा घसा आदल्या दिवसापासून खवखवत होता, प्रवासानं असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. २४ला त्याला ताप, २७ला आईला. आई तेव्हा ७४ची, वीस वर्षांची शुगर. तेरा दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. परत आली, पण पुढे दोन-तीन महिने मागच्या दारातून विहिरीपर्यंत जाताना मधे दोनदा टेकायची.

टेस्ट खोटी नव्हती. विषाणू शरीरात शिरल्यापासून टेस्टमध्ये दिसेपर्यंत काही दिवस जातात, त्या वेळच्या कोविडमध्ये लक्षणं यायलाच सरासरी पाच दिवस लागत, कुणाकुणाला चौदापर्यंत, आणि लक्षणं यायच्या दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट त्या दिवशी त्या वेळी काही सापडलं नाही एवढंच सांगतो, पुढच्या आठवड्याचं काही सांगत नाही. त्यातून ती झटपट अँटिजेन असेल तर अजूनच जपून, लक्षणं असताना अँटिजेन निगेटिव्ह आली तरी आरटीपीसीआर, म्हणजे लॅबमधली जास्त पक्की टेस्ट, करायचीच हा नियम तेव्हापासूनचा आहे.

आता माझी पद्धत सांगतो. साथीच्या दिवसांत बाहेरून कुणीही आलं, मग तो सख्खा मुलगा का असेना, की पहिले पाच-सहा दिवस पडवीत झोपायचं, जेवण पडवीत, आईशी बोलायचं ते अंगणातून, ती खिडकीत आणि आपण बाहेर. घसा खवखवला, अंग दुखलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. लोकांना हे जड जातं, एवढ्या लांबून आलो आणि आईच्या पायाही पडायचं नाही का म्हणतात. चार दिवस नाही पडलास तर आई रागावणार नाही रे. फ्लॅटमध्ये पडवी नसते हे मान्य, तिथे एक खोली, आणि ती जमत नसेल तर निदान जेवताना एकत्र बसू नका, कारण जेवताना मास्क नसतो आणि गप्पा भरपूर असतात.

खिडक्या उघडा. फरशी दिवसातून तीनदा पुसतील पण खिडकी उघडणार नाहीत. हा आजार जास्त करून श्वासातून, कोंडलेल्या हवेतून पसरतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडून एका खिडकीत पंखा तोंड बाहेर करून लावा, आतली हवा बाहेर फेकायला.

मास्क तरुणानं, आजारी माणसानं आणि सेवा करणाऱ्यानं आधी लावायचा. व्हॉल्व्हवाला एन-९५ नको, त्यातून लावणाऱ्याचा श्वास न गाळता बाहेर जातो, मी ते ठेवायचेच बंद केलेत.

दुसरी चूक जिच्यापायी मी सगळ्यात जास्त भांडलोय, ती ऑक्सिमीटरची, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणाऱ्या यंत्राची. एप्रिल २०२१ मध्ये एका ओळखीच्या मुलाचा रात्री साडेनऊला फोन आला, काका, बाबांचा ऑक्सिजन ९६ आहे, तापाचा सहावा दिवस, मस्त आहेत, टीव्ही बघतायत. मी विचारलं चालवून बघितलंस का? तर म्हणे कशाला, बसून ९६ आहे ना. मी फोन चालू ठेवायला लावला आणि म्हटलं बाबांना हॉलमध्ये तीन मिनिटं चालव, तू शेजारी राहा. तीन मिनिटांनी त्याचा आवाजच बदलला, ८९. आणि बाबांना दम लागलेला नव्हता, काही होत नाहीये म्हणत होते. कोविडमध्ये हेच फसवं होतं, ऑक्सिजन उतरलेला असतो आणि माणूस हसत बोलत असतो. त्या रात्री बेडसाठी अकरा ठिकाणी फोन झाले, पहाटे एक मिळाला, वाचले ते. सकाळपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं याचा विचार मला अजून करवत नाही.

तर बसून एकदा बघायचं आणि चालून एकदा बघायचं. सहा मिनिटं चालायचं, साठीच्या पुढच्यांनी तीन पुरे. ज्याला बसल्याजागी दम लागतोय किंवा आकडा आधीच ९४च्या खाली आहे त्याला चालवायचं नाही, सरळ डॉक्टर. चालून ९४च्या खाली गेला, किंवा बसलेल्या आकड्यापेक्षा तीन-चारनं उतरला, की डॉक्टरला फोन, रात्र असो की पहाट. बोट गार नको, नेलपॉलिश-मेंदी नको, हात छातीच्या उंचीला धरून मिनिटभर स्थिर, आणि पहिला झरकन दिसलेला आकडा धरायचा नाही. मी वही करायला लावतो, साधी शाळेची, तारीख, वेळ, ताप, बसून, चालून. मोबाईलमध्ये लिहू नका, फोन ज्याच्या खिशात त्याच्याबरोबर जातो आणि डॉक्टर विचारतात तेव्हा घरात कुणालाच काही आठवत नाही. पाचव्या ते दहाव्या दिवसात ताप उतरला म्हणून वही बंद करणारे बघितले की माझं डोकं फिरतं, बिघडायचे दिवस तेच असतात.

शेजाऱ्याची चिठ्ठी व्हॉट्सॲपवर दाखवून स्टेरॉईड मागू नका. मी देत नाही, शिव्या खाल्ल्यात त्यावरून. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या मोठ्या चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड ऑक्सिजन लागणाऱ्या कोविडच्या रुग्णांना वाचवतं, ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा नाही. पहिल्या दोन दिवसांत घेतलं की उलट शरीराची लढायची ताकद दबते, शुगर तीनशे-चारशेवर जाते, आणि २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं किती लोकांचे डोळे नेले ते आठवा, त्यात शुगरवाले आणि स्टेरॉईड घेतलेले फार होते.

बीपी-शुगरच्या गोळ्या आजारपणात मनानं बंद करू नका. घरात महिनाभराच्या जास्तीच्या असू द्या.

वाफेचं उकळतं पातेलं म्हाताऱ्यांच्या पुढ्यात नको, भाजलेले बघितलेत.

ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतू नका, विषारी वायू होतो.

लस घेतली म्हणजे त्याच दिवसापासून कवच आलं असं नसतं, साधारण दोन आठवडे जातात. मार्च २०२१ मध्ये साठीच्या पुढच्यांची लस सुरू झाली तेव्हा कितीतरी जण रांगेतून थेट नातवाच्या बारशाला गेले. फ्लूची लस तर दरवर्षी घ्यावी लागते, हे अजून निम्म्या गिऱ्हाइकांना माहीत नाही, डॉक्टरांना विचारून पावसाळ्याआधी घेऊन टाका.

सेवा करणारं माणूस घरात एकच ठरवा. आज सून, उद्या मुलगा, परवा नात असं केलं की सगळं घर झोपतं. आणि म्हाताऱ्यांना खोलीत टाकून ताट दाराशी सरकवून निघून जाऊ नका हो, ती माणसं खायचीच बंद होतात. आमच्याकडे आईच्या खिडकीखाली स्टूल ठेवलेला असतो, सकाळचा चहा तिथे बसून प्यायचा, मोठ्यानं बोलायचं, मास्क खाली न ओढता.

एक पिशवी आजच भरून ठेवा, गरज पडल्यावर सुचत नाही. त्यात आधार आणि रेशन कार्डाची झेरॉक्स, चालू औषधांची यादी डोससकट, कवळीची डबी, चष्मा, ऐकायचं यंत्र आणि त्याचे सेल, मोबाईलचा चार्जर, आणि कागदावर मोठ्या अक्षरात घरच्या तिघांचे नंबर. आई ॲडमिट झाली तेव्हा तिचं कानाचं यंत्र घरी राहिलं होतं. तेरा दिवस नर्स तिच्याशी काय बोलतायत हे तिला कळत नव्हतं.