धनुष्याचं लाकूड निवडताना आणि वाळवताना या चुका टाळा

मे महिना आला की माझ्याकडे मोडकी धनुष्यं यायला लागतात. शाळेला सुट्टी, मोबाइलवर कुणा परदेशी माणसाचा व्हिडिओ, वखारीतून नाहीतर शेताच्या बांधावरून उचललेलं लाकूड, आणि आठवड्याभरात पोरगं दारात उभं. "काका, दोरी चढवतानाच कडकन गेलं की!" रंधा चुकला, कानस जास्त फिरली असं प्रत्येकाला वाटतं. तुकडा हातात घेतला की दिसतं, हत्यार लागण्याआधीच काम बिघडलेलं होतं.

ओलं लाकूड पत्र्यावर टाकणं

ही आपल्या सोलापूरची खास चूक. कोकणातल्या माणसाला लाकूड वाळत नाही याची काळजी, आपल्याला ते फार लवकर वाळतं याची. लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा टोकांतून कितीतरी वेगाने निघून जातं. बाहेरचा थर आकसतो, आतला ओलाच राहतो, मग लाकूड फाटणार नाहीतर काय होणार? जुळे सोलापुरातल्या एका पोराला बांधावरच्या बाभळीचा सरळ, बिनगाठीचा ओंडका मिळाला होता. असा मला स्वतःला क्वचित मिळतो. म्हटलं, आजच्या आज टोकांना रंग फास, कॉटखाली सरकव आणि विसरून जा. पोरगं हसलं, "ऊन फुकटचं आहे की, काका." ओंडका थेट पत्र्यावर. पुढच्या रविवारी दोन्ही टोकांकडून निघालेल्या चिरा मधोमध भेटल्या होत्या. एका चिरेत दहा रुपयांचं नाणं उभं बसत होतं. त्यातून दोन बोटं रुंदीची अखंड पट्टी निघेना. शेवटी तो त्यांच्या बंबात गेला.

माझी सवय अशी. तोडल्या दिवशीच टोकांना उरलासुरला ऑइलपेंट, नसेल तर फेविकॉलचे दोन जाड हात. साल काढली असेल तर पाठीला, म्हणजे सालीखालच्या बाजूलाही तेच. मग पाचर ठोकून उभ्या दोन फाकी. करवत लावायची नाही. पाचर लाकडाच्या रेषेने, म्हणजे तंतूंच्या दिशेनेच उतरते, करवत मात्र रेषा आडवी कापत जाते आणि धनुष्य पुढे नेमकं तिथेच सोलतं. पुढे सावलीत, गोणपाटाखाली. अधूनमधून काट्यावर वजन करायचं आणि तारखेसकट पेन्सिलीने लाकडावरच लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. मूठभर जाड फाकेला वर्ष लागतं. तेवढा दम नसेल तर ढोबळ आकार आधीच काढून घ्या, पट्टी सरळ फळीला करकचून बांधा आणि सावलीतच ठेवा, काही महिन्यांत काम होतं. याहून जवळची वाट मला माहीत नाही, आणि "हेअर ड्रायर चालेल का" या प्रश्नाला मी उत्तर देणं बंद केलंय.

एवढं करूनही एक गोष्ट लोक विसरतात. लाकडात साधारण 8 ते 10 टक्के ओल असली पाहिजे. आपल्याकडे पारा 40 च्या वर गेला की वाळलेलं लाकूडही त्याखाली उतरतं आणि ठिसूळ होतं. एप्रिल-मे मध्ये मी दुपारी धनुष्याला दोरी चढवत नाही, ओढायचं तर सकाळी. उन्हात उभ्या गाडीत धनुष्य ठेवणाऱ्याला काय बोलावं? पावसाळ्यात उलटं होतं. लाकूड ओल धरतं, मऊ पडतं आणि दोरी उतरवली तरी बाक जात नाही.

बांबूची पाठ गुळगुळीत करणं

बांबूचे सगळ्यात दाट आणि चिवट तंतू सालीलगत असतात, आत गाभ्याकडे जावं तसे विरळ. ओढताना ताण येतो तो पाठीवर, म्हणजे निशाणाकडच्या बाजूवर. म्हणून साल पाठीला ठेवायची आणि जे काय तासायचं ते पोटाच्या, म्हणजे आपल्याकडच्या बाजूने. पेऱ्यावर गाठीचा उंचवटा असतो, तो डोळ्याला खुपतो, आणि नवशिक्याचा हात नेमका तिथेच जातो.

खंडेनवमीला एक इंजिनिअरिंगचा मुलगा धनुष्य घेऊन आला. दिसायला देव्हाऱ्यासारखं देखणं. ग्राइंडरने सगळ्या गाठी सपाट केलेल्या, वर टचवुडचे हात, हळदकुंकू लावलेलं, झेंडूचं फूल अडकवलेलं. पाठीवरून अंगठा फिरवला आणि सांगितलं, हे पूजेत ठेव, ओढू नकोस. गल्लीतली मंडळी जमलेली, तो ऐकतोय कशाला? पूर्ण ओढलंच नव्हतं. मुठीच्या वरच्या दुसऱ्या गाठीवर एक ढलपी उचलली आणि पुढच्या क्षणी धनुष्याचा वरचा हात तुटून पाण्याच्या टाकीवर आदळला. गालावर चीर पडली, डोळ्याच्या जरा खाली. रुमाल दाबून धरलेला साहेब काय म्हणतो? "बांबूच खराब निघाला."

बांबू उत्तम होता. तो तुकडा मी ठेवून घेतलाय. सपाट केलेल्या जागी तंतू बरोबर गाठीच्या पायथ्याशी कापले गेलेले उघड दिसतात. मी गाठीवरची फक्त पानाच्या खोळीची खरखरीत कड काचकागदाने मारतो, फुगवटा तसाच ठेवतो. बाकी ग्राइंडर हे धनुष्याचं हत्यारच नाही. जाडी दहा टक्क्यांनी कमी झाली तर धनुष्याचा जोर 27 टक्क्यांनी घटतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ग्राइंडर तेवढी जाडी तुम्ही शिंकेपर्यंत उडवतो. कानस फिरवा, कंटाळा येऊ द्या.

बाकीच्या थोडक्यात

सागाची तयार पट्टी आणू नका. दार-खिडक्यांना साग राजा, वाकायला नाही.

निलगिरी सरळ दिसते, आतून पिळलेली असते. फोडून बघा, फाकच पीळ खाऊन निघेल.

"पाठीला वाढीचं एकच कडं अखंड ठेवा" हा सल्ला थंड मुलखातल्या झाडांसाठी ठीक. आपल्या बाभळीत कडी धड दिसतही नाहीत, त्यामुळे तिथे फोडलेल्या रेषेच्या मागे जायचं.

अख्खा बांबू गॅसवर शेकू नका. बंद पेऱ्यात वाफ कोंडते आणि तो फुटतो. आधी चिरून घ्या.

बांधकामाचा जुना वासा स्वस्त मिळतो, पण त्यात खिळ्यांची भोकं असतात. बांबू भरीव जातीचा, निदान तीन वर्षांचा घ्या, आणि शक्यतो गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत तोडलेला. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लवकर लागतो. आणल्यावर खाली वर्तमानपत्र पसरून काही दिवस उभा करा. कागदावर पिवळसर भुकटी दिसली तर त्याच दिवशी बांबू घराबाहेर. तोच किडा सुपांना आणि टोपल्यांनाही लागतो, आणि एकदा आईच्या सुपाला लागला की पुढचं लाकूड तुम्हाला उंबऱ्याच्या आत आणता येणार नाही.